पडवीपर्यंत चालते, माजघरात नाही

खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शरीरातील पेशींवर जंतू ओळखणारे रेणू असतात आणि जंतू भेटताच ते संरक्षणयंत्रणेला जागे करतात, असे आपण मुलांना शिकवतो. मग आतड्यात अगणित जंतू कायमचे मुक्कामाला असताना तिथे रात्रंदिवस दाह का होत नाही? वर्गातील एका मुलीने हे विचारले आणि सरांना समाधानकारक उत्तर देता आले नाही. त्याला जोडून त्यांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत. त्याच मुलीची आई पूर्वी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती, तिचा जुना खोकला याच रेणूंशी संबंधित असू शकतो का? आणि पावसाळ्यात ज्या मुलांना वारंवार जुलाब होतात, त्यांना बाजारात मिळणारी प्रतिकारशक्तीची पावडर द्यावी का?

मी गेली 28 वर्षे बेळगावात विकृतिशास्त्राचे काम करते. जठर, आतडे, नाक, घसा यांतून काढलेल्या तुकड्यांच्या काचपट्ट्या पाहण्यात माझा दिवस जातो, आणि तरीही त्या मुलीने विचारलेला प्रश्न मला एम.बी.बी.एस.च्या वर्षांत एकदाही सुचला नव्हता. त्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देते.

आधी ती भिंत डोळ्यांसमोर आणू. नाकातून येतो त्याला आपण शेंबूड म्हणतो, पोट बिघडल्यावर शौचातून पडते तिला आव म्हणतो आणि दोन्हींचे नाव काढले तरी तोंड वाकडे करतो. पण हा बुळबुळीत स्राव ज्या अस्तरातून पाझरतो, ते श्लेष्मल आवरण ओठांच्या आतल्या बाजूपासून गुदद्वारापर्यंत आणि नाकपुड्यांपासून श्वासनलिकांच्या फांद्यांपर्यंत सलग पसरलेले आहे. आतड्याचे अस्तर उलगडले तर टेनिसचे मैदान भरेल, असे पुस्तकांत अजूनही छापले जाते. 2014 साली नव्याने केलेल्या मोजणीत पचनमार्गाचे एकूण क्षेत्रफळ सुमारे 32 चौरस मीटर निघाले, म्हणजे शाळेच्या एका वर्गखोलीएवढे. आकडा लहान झाला तरी पेच लहान होत नाही. निरोगी लहान आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की बोटांसारखे अंकुर ओळीने उभे दिसतात आणि प्रत्येक अंकुरावर उभट पेशींचा एकच थर असतो. एकच. त्वचेवर असतात तसे थरावर थर इथे नाहीत, कारण अन्न याच थरातून आत शोषले जायचे असते. ह्या पेशी चार-पाच दिवसांत झडून जातात आणि खालून नव्या वर सरकतात. त्यांच्यामध्ये मधूनमधून गॉब्लेट पेशी असतात. पीएएस नावाचा रंग दिला की त्यांतील म्यूकस, म्हणजे तोच बुळबुळीत स्राव, गर्द किरमिजी होतो आणि सगळी पट्टी कुंकवाची बोटे उमटवल्यासारखी दिसते. अंकुरांच्या बुडाशी असलेल्या खळग्यांत पॅनेथ पेशी बसलेल्या असतात आणि त्यांच्या पोटात जंतुनाशक प्रथिनांचे लालभडक कण साठवलेले असतात.

या थराच्या एका अंगाला पोकळी आहे आणि दुसऱ्या अंगाला आपले रक्त. शरीरात मिळून सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात असा अंदाज 2016 साली मांडला गेला आणि त्यांतील बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. म्हणजे भिंत एका पेशीच्या जाडीची आणि पलीकडे एवढी वस्ती.

आता ओळखणाऱ्या रेणूंकडे येऊ. चार्ल्स जेनवे या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1989 साली असा तर्क मांडला की, प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार होण्याच्या कितीतरी आधी शरीराला जंतूंच्या बांधणीतील काही ठरावीक खुणा ओळखता येत असल्या पाहिजेत; ज्या खुणा जंतूला जगायचे असेल तर टाकून देता येत नाहीत, अशा. तेव्हा असा एकही रेणू माणसात हाती लागलेला नव्हता. धागा सापडला तो फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांत. टोल नावाचे एक जनुक त्यांच्या गर्भवाढीसंदर्भात आधीच माहीत होते; ते नसलेली चिलटे बुरशीला बळी पडतात, हे 1996 साली फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. पुढच्याच वर्षी जेनवे आणि त्यांचे सहकारी मेजितॉव्ह यांना माणसातील तसाच रेणू मिळाला आणि 1998 साली ब्रूस बॉइटलर यांनी सिद्ध केले की, ज्यांना जिवाणूंचे एंडोटॉक्सिन बाधत नाही अशा एका जातीच्या उंदरांत टोल-लाइक रिसेप्टर 4 बिघडलेला असतो. हॉफमन आणि बॉइटलर यांना 2011 चे नोबेल मिळाले. जेनवे त्याआधीच गेले होते.

माणसात असे दहा टोल-लाइक रिसेप्टर आहेत. मराठीत त्यांना ग्राही म्हणतात. क्रमांक 4 चा ग्राही ज्या जिवाणूंना दुहेरी पटल असते त्यांच्या बाहेरच्या पटलातील लिपोपॉलिसॅकराइड हा स्निग्ध रेणू ओळखतो. त्यालाच वर एंडोटॉक्सिन म्हटले. क्रमांक 5 चा ग्राही जिवाणूच्या पोहण्याच्या शेपटीतील फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखतो. 3, 7, 8 आणि 9 हे विषाणूंचा किंवा जिवाणूंचा जनुकीय मजकूर ओळखतात आणि ते मुख्यतः पेशीच्या बाहेर नसून आतल्या पिशव्यांमध्ये असतात, कारण डीएनए आणि आरएनए तर आपलेही असते. ते बाहेर नुसते तरंगताना दिसले म्हणून ओरडायला लागले तर स्वतःच्याच मेलेल्या पेशींवर हल्ला व्हायचा. या शेवटच्या दोन वाक्यांत त्या मुलीच्या प्रश्नाच्या उत्तराचे निम्मे बीज आहे. ग्राही काय ओळखतो हे आपण मुलांना तक्त्यातून पाठ करून घेतो, पण तो पेशीच्या कोणत्या बाजूला, कोणत्या खोलीत बसवलेला आहे हे तक्त्यात नसते. आणि श्लेष्मल आवरणाचा सगळा कारभार त्यावर चालतो.

आपल्याकडच्या जुन्या घरांची रचना आठवा. रस्त्यावरचा कोणीही येऊन पडवीत बसतो, पाणी मागतो, पावसाचा आडोसा घेतो, आणि कोणी त्याला हटकत नाही. तोच माणूस विचारल्याशिवाय माजघरात दिसला तर घरभर आरडाओरडा होतो. माणूस तोच, कपडे तेच. घराने जे ओळखले ते त्याचे ठिकाण.

ग्राही 5 चे उदाहरण यासाठी सर्वांत स्वच्छ आहे. मोठ्या आतड्याच्या पेशींवर हा ग्राही मुख्यतः पोकळीकडच्या बाजूला नसून बुडाकडे, म्हणजे रक्ताच्या बाजूला असतो, हे 2001 साली दाखवले गेले. पोकळीत शेपटीचे जिवाणू पोहत राहिले, त्यांच्या शेपटीचे तुकडे म्यूकसमध्ये पडले, तरी तिथे पाहणारे कोणी नसते. पण साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू भिंत भेदून आत शिरतो किंवा स्वतःचे फ्लॅजेलिन पेशीच्या पलीकडे पोहोचवतो, तेव्हा ते प्रथिन थेट ग्राहीसमोर येते आणि पेशी इंटरल्युकिन 8 नावाचा निरोप सोडते. त्या निरोपावर रक्तातील न्यूट्रोफिल पेशी धावत येतात. शौचाच्या तपासणीच्या अहवालात ‘पस सेल्स’ लिहिलेले असते, त्या ह्याच. म्हणजे अहवालातील तो आकडा केवळ जंतू आहे असे सांगत नाही, कोणीतरी उंबरठा ओलांडला आहे असे सुचवतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी स्वतः हा फरक न करता अहवाल लिहीत असे, आणि त्यावरून मुलांना गरज नसताना प्रतिजैविके दिली गेली असतील, याची रुखरुख मला आजही आहे.

जंतूंनाही ही रचना ठाऊक असल्यासारखे ते वागतात. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी शेपटीचा आहे, पण त्याच्या फ्लॅजेलिनमधील नेमका तो तुकडा बदललेला असतो जो ग्राही 5 चाचपतो. त्यामुळे तो जठराच्या म्यूकसमध्ये वर्षानुवर्षे बिनबोभाट राहू शकतो. शिगेला, म्हणजे रक्ती आवेचा जंतू, याला तर शेपटीच नाही. तो पेशीच्या आतच शिरतो. पण पेशीच्या आतल्या द्रवात नॉड 1 आणि नॉड 2 असे वेगळे पहारेकरी आहेत. ते जिवाणूच्या भित्तिकेचे तुकडे ओळखतात, आणि निरोगी माणसाच्या पेशीच्या पोटात जिवाणूची भित्तिका असण्याचे काही कारणच नसल्याने तिथे शंकेला जागा ठेवलेली नाही. नॉड 2 च्या जनुकातील काही बदल क्रोन्स या आतड्याच्या दीर्घ आजाराशी निगडित आहेत, हे 2001 साली दोन गटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केले. पहारेकरी अधू झाला तर दाह कमी व्हायला हवा, असे कोणालाही वाटेल. इथे तो वाढतो. (आपल्याकडे क्रोन्सचा तुकडा काचपट्टीवर आला की आतड्याच्या क्षयापासून तो वेगळा ओळखणे हीच पहिली डोकेदुखी असते, पण तो विषय वेगळा.)

हे उलटे का होते, याचा सुगावा 2004 साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात लागतो. टोल-लाइक ग्राहींचा निरोप पेशीत पुढे नेणारा मायडी88 नावाचा दुवा ज्या उंदरांत काढून टाकला होता, त्यांच्या आतड्याला रसायनाने इजा केल्यावर ते साध्या उंदरांपेक्षा अधिक गंभीर आजारी पडले आणि अधिक मेले. साध्या उंदरांतील जंतू प्रतिजैविकांनी घालवले तरी तीच गत झाली. म्हणजे आतड्यात शांतता दिसते तेव्हा ग्राही झोपलेले नसतात. रहिवासी जंतूंची थोडीथोडी चाहूल त्यांना लागत असते आणि त्या चाहुलीवरच पेशी नव्या तयार होणे, म्यूकस पाझरणे, पॅनेथ पेशींनी आपली जंतुनाशक प्रथिने सोडणे हे रोजचे काम चालते. ग्राही 9 च्या बाबतीत तर पोकळीच्या बाजूने आलेला निरोप दाहाचा मार्ग दाबतो आणि बुडाच्या बाजूने आलेला तोच निरोप तो मार्ग उघडतो, असे पेशींवरील प्रयोगांत दिसले आहे. एकाच दाराची बेल बाहेरून वाजली तर दिवा मालवावा आणि आतून वाजली तर लावावा, असा हा प्रकार आहे.

ग्राही 4 ची गोष्ट थोडी निराळी आहे. निरोगी मोठ्या आतड्याच्या पेशींवर तो मुळात फार कमी असतो आणि त्याला साथ देणारे एमडी-2 हे प्रथिनही कमी असते, त्यामुळे एंडोटॉक्सिनच्या महापुरात राहूनही पेशी शांत राहतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्यात मात्र तो जास्त असतो. अशा बाळांना होणाऱ्या आतडे सडण्याच्या भयंकर आजारामागे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. शिवाय सगळ्या जिवाणूंचे लिपोपॉलिसॅकराइड सारखे नसते. ई. कोलायच्या रेणूला स्निग्धाम्लाच्या सहा शेपट्या असतात आणि तो ग्राहीला कडाडून जागे करतो; बॅक्टेरॉइड्स गटातील जंतूंच्या रेणूला चार किंवा पाच असतात आणि तो ग्राहीत बसूनही गप्प राहतो, उलट दुसऱ्यालाही बसू देत नाही.

याचे एक उदाहरण सीमाभागातील वाचकाला विशेष जवळचे वाटेल. फिनलंड आणि रशिया यांच्या मध्ये करेलिया नावाचा प्रदेश आहे. रेषा मधून गेली, पण दोन्ही बाजूंच्या लोकांची आनुवंशिक ठेवण बरीचशी मिळतीजुळती आहे. तरीही इन्सुलिनवर अवलंबून असणारा बालमधुमेह फिनलंडच्या बाजूला सुमारे सहापट आढळतो. फिनलंड, एस्टोनिया आणि रशियन करेलिया येथील बाळांच्या आतड्यांतील जंतूंचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन देशांत बॅक्टेरॉइड्सचे, म्हणजे गप्प बसणाऱ्या एंडोटॉक्सिनचे प्राबल्य होते, तर रशियन बाजूला ई. कोलाय अधिक होते. मधुमेहप्रवण उंदरांना ई. कोलायचे एंडोटॉक्सिन दिल्यावर त्यांचा मधुमेह लांबला, बॅक्टेरॉइड्सच्या एंडोटॉक्सिनने लांबला नाही. यावरून घाणीत वाढणे चांगले, असा निष्कर्ष काढणे चूक आहे, आणि समाजमाध्यमांवर तो काढला जातो म्हणून मुद्दाम लिहिते. बाळाच्या ग्राहींना कोणत्या आवाजाचा सराव झाला यावर पुढची तालीम अवलंबून असते, एवढेच या अभ्यासातून मला पटते.

आतापर्यंत जन्मजात ओळखीविषयी बोललो. दुसरी ओळख शिकून येते, आणि श्लेष्मल आवरणात ती प्रामुख्याने इम्युनोग्लोब्युलिन ए, म्हणजे आयजीए या प्रतिपिंडाची असते. आतड्याच्या काचपट्टीत अंकुराच्या गाभ्यात प्लाझ्मा पेशी दाटीने बसलेल्या असतात. त्यांच्या केंद्रकातील गडद ठिपके बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले दिसतात आणि एकदा पाहिले की पुन्हा कधी चुकत नाहीत. त्यांतील बहुसंख्य पेशी आयजीए बनवतात. शरीरात रोज तयार होणारे आयजीए बाकी सगळ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या बेरजेपेक्षा अधिक असते, आणि त्यातील सुमारे तीन ग्रॅम रोज आतड्याच्या पोकळीत जाते. रक्तातील आयजीए बहुतेक सुटे असते. पोकळीत जाणारे जोडीने असते, दोन रेणू जे-साखळी नावाच्या लहान प्रथिनाने एकमेकांना बांधलेले.

ते भिंतीपलीकडे जाते कसे, हा भाग मला स्वतःला अतिशय आवडतो. आवरणपेशीच्या बुडाशी बहुगुणित इम्युनोग्लोब्युलिन ग्राही नावाचा एक हमाल उभा असतो. तो जोडीतील आयजीएला पकडतो, पेशीच्या आतून एका पिशवीत बसवून वरच्या काठापर्यंत नेतो आणि तिथे एक विकर (एन्झाइम) त्या हमालाचेच दोन तुकडे करते. वरचा तुकडा आयजीएला चिकटूनच पोकळीत जातो. रिकामा होऊन परत फिरणे या हमालाच्या नशिबी नाही. प्रत्येक रेणू एकाच फेरीपुरता. पण चिकटलेला तो तुकडा वाया जात नाही. तो आयजीएला पाचक विकरांपासून झाकतो आणि म्यूकसमध्ये अडकवून ठेवतो, म्हणून जिथे डाळीचे प्रथिन तासाभरात चिरफाळून निघते, तिथेही हे प्रथिन टिकून राहते.

पोकळीत पोहोचलेले आयजीए जंतूला मारत नाही, हे लक्षात घ्यायला हवे. ते त्याला धरते, एकाला दुसऱ्याशी बांधून गठ्ठा करते, शेपटी लुळी करते, विषारी द्रव्याला पेशीवर बसू देत नाही, आणि म्यूकससोबत पुढे ढकलून देते. रक्तातील आयजीजी या प्रतिपिंडासारखे ते कॉम्प्लिमेंट नावाची जाळपोळ करणारी प्रथिने फारशी बोलावत नाही. गडबड न करता पाहुण्याला पडवीतच गुंतवून ठेवावे, माजघराकडे त्याची नजर जाऊ देऊ नये, असे त्याचे काम आहे. काही जंतूंनी याच्यावरही तोड काढली आहे. न्यूमोकोकस, हिमोफायलस आणि नायसेरिया यांच्याकडे आयजीए 1 या उपप्रकाराचे बिजागर नेमके कापणारे विकर असते. मोठ्या आतड्यात आयजीए 2 हा उपप्रकार तुलनेने जास्त असतो, आणि त्याच्या बिजागरात कापायची ती जागाच नसते.

माझे माहेर निपाणीजवळच्या एका खेड्यातले. म्हैस व्यायली की आजी वासराला चीक पाजल्याशिवाय भांडे खाली धरू देत नसे. पहिल्या काही तासांत चीक मिळाला नाही तर रेडकू जगत नाही, हे तिला कोणी शिकवले नव्हते. ते शास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर आहे. गाईम्हशींच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भात जात नाहीत. वासराला ती चिकातूनच आणि जवळपास पहिल्या चोवीस तासांतच शोषून घेता येतात, मग आतड्याचे ते दार बंद होते. पण त्याच घरात माझ्या काकूंना मुलगा झाला, तेव्हा पहिले पिवळसर दूध ‘जड असते’ म्हणून पिळून टाकले गेले आणि बाळाला मधाचे बोट चाटवले गेले. माणसात आयजीजी वारेतून एफसीआरएन नावाच्या ग्राहीच्या मदतीने गर्भात आधीच पोहोचलेले असते, त्यामुळे बाळ वासरासारखे लगेच दगावत नाही आणि चूक झाल्याचे कळतही नाही. आयजीए मात्र वारेतून जात नाही. नवजात बाळाच्या आतड्यात स्वतःचे आयजीए बनवणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात, आणि त्या आठवड्यांत आईचे पहिले दूध, ज्यात लिटरमागे अनेक ग्रॅम आयजीए असते, हेच त्याच्या भिंतीचे लिंपण असते. त्यातही गंमत अशी की, आईच्या आतड्यात ज्या जंतूंशी गाठ पडली त्यांच्याविरुद्ध शिकून तयार झालेल्या पेशी प्रवास करून तिच्या स्तनात जाऊन बसतात. म्हणजे बाळाला मिळणारे आयजीए त्याच घरातील, त्याच विहिरीतील जंतूंविरुद्धचे असते. डब्यातील दुधात हे कुठून येणार?

लसीकरणाचा मुद्दा इथेच येतो. बेळगावकरांना टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो सभांचे मैदान म्हणून माहीत आहे. एकेकाळी तिथे देवीची लस तयार होत असे. ती लस त्वचेवर टोचायची. पोलिओचे थेंब तोंडात का देतात आणि सुई असतानाही ते का चालू ठेवले, याचे उत्तर आयजीएमध्ये आहे. सुईच्या लसीने रक्तात आयजीजी उत्तम तयार होते आणि मूल लुळे पडण्यापासून वाचते, पण आतड्यात आयजीए फारसे न बनल्याने विषाणू तिथे वाढून शौचातून पसरू शकतो. तोंडावाटे दिलेली जिवंत लस आतड्याच्या भिंतीलाच शिकवते. भारतातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी नोंदला गेला, त्यामागे त्या थेंबांचे श्रेय मोठे आहे. मात्र तोंडावाटे द्यायच्या लसी जिथे पाणी आणि मलनिःसारण वाईट, तिथे कमी लागू पडतात. भारतात तयार झालेल्या रोटाव्हायरसच्या लसीची गंभीर जुलाबांविरुद्धची परिणामकारकता सुमारे 55 टक्के भरली. श्रीमंत देशांत रोटाव्हायरसच्या लसी याहून बऱ्याच अधिक संरक्षण देतात. सतत घाण पाणी पोटात गेलेल्या मुलांच्या आतड्याचे अंकुर आखूड झालेले आणि गाभा पेशींनी गजबजलेला दिसतो. रोजच माजघरात कोणीतरी घुसत असेल तर नवा धडा शिकायला घराला उसंत कुठली? तरीही 55 टक्के म्हणजे इस्पितळात भरती होणारी निम्मी मुले घरी राहतात, म्हणून लस चुकवू नये.

आता पावडरीविषयी. ‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ हे शब्द डब्यावर चांगले दिसतात, पण वर लिहिलेल्या यंत्रणेत नेमके काय वाढवायचे ते कोणी सांगावे. ग्राहींचा आवाज वाढवला तर दाह वाढेल. आतड्यात तर शांत ठेवणाऱ्या नियामक टी पेशी मुद्दाम पोसलेल्या असतात. 2025 चे वैद्यकाचे नोबेल त्यांच्याच शोधासाठी दिले गेले. या पेशींना पोषक असे ब्युटिरेट हे आम्ल मोठ्या आतड्यातील जंतू आपण न पचवलेल्या चोथ्यापासून बनवतात, आणि त्यासाठी जोंधळ्याची भाकरी, पालेभाजी आणि कडधान्याची उसळ पुरेशी आहे. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाला ओआरएस द्यावे, सहा महिन्यांवरील मुलाला झिंक 20 मिलिग्रॅम रोज 14 दिवस द्यावे, पाणी उकळून द्यावे आणि जेवण तोडू नये. शौचातून रक्त पडत असेल, मूल निपचित पडत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर पावडरीच्या दुकानात न जाता डॉक्टरांकडे जावे. क्वचित एखाद्या मुलात आयजीए जन्मतःच नसते. अशी बरीच माणसे आयुष्यभर धडधाकट राहतात, कारण आयजीएम हे दुसरे प्रतिपिंड त्याच हमालाच्या खांद्यावरून पोकळीत जाऊन त्याची जागा थोडीफार भरून काढते. पण ज्यांना सतत सर्दी-कान-जुलाब होतात त्यांची ही तपासणी रक्तातून होते.

राहिला त्या मुलीच्या आईचा खोकला. तंबाखू चाळताना उडणारी धूळ ही नुसती निकोटिनची नसते. पानांवर वाढलेल्या जिवाणूंचे एंडोटॉक्सिन तिच्यात असते, आणि श्वासमार्गाच्या आवरणाखालच्या पेशींवरील ग्राही 4 त्याला ओळखतात. कापसाच्या गिरण्यांत याचा अभ्यास पूर्वीपासून झाला आहे: सुटीनंतर सोमवारी कामावर आले की छाती आवळते, कणकण येते आणि आठवडा सरेल तसा त्रास कमी होतो. ग्राहींना सतत तोच मारा झाला की ते बधिर होतात, सुटीत बधिरपणा उतरतो आणि सोमवारी पुन्हा दणका बसतो. वर्षानुवर्षे असे चालले की श्वासनलिकांतील गॉब्लेट पेशी वाढतात, बेडका सुटत नाही आणि काम सोडल्यावरही खोकला उरतो. चिकोडी-रायबागकडच्या साखर पट्ट्यात ओलसर साठवून बुरसटलेल्या उसाच्या चिपाडाचा त्रास वेगळा. तिथे उष्णताप्रिय जिवाणूंविरुद्ध शिकलेली ओळख फुफ्फुसाच्या खोल भागात दाह करते, धुळीत काम केल्यावर काही तासांनी ताप आणि दम लागतो. ताज्या चिपाडाने हे होत नाही.

तेव्हा त्या माउलीचा खोकला धुळीशी संबंधित असू शकतो. पण दोन आठवड्यांहून अधिक खोकला म्हटले की आपल्या भागात आधी क्षयाचा विचार करावा लागतो, आणि थुंकीची ती तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. सर, कृपया मुलीला सांगून आईला या आठवड्यात तिथे पाठवा, सकाळची पहिली थुंकी लाळ न मिसळता डबीत घ्यायला सांगा, आणि किती वर्षे वखारीत काम केले ते डॉक्टरांना आवर्जून सांगायला लावा. चूल पेटवताना दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. क्षय नाही असे ठरल्यावर फुंकर मारून घेण्याची श्वासाची चाचणी करता येईल, आणि मग एंडोटॉक्सिनची गोष्ट बोलू.